सूतिकागारातील सोबतीण : चतुष्पादातील विसरलेला पाद

चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच मुखोद्गत केलेले असतात : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात या चारही पादांचे प्रत्येकी चार गुण सांगितले आहेत. उपस्थाता, म्हणजे रुग्णाची शुश्रूषा करणारी व्यक्ती, उपचारांची जाणकार, दक्ष, रुग्णाविषयी अनुराग बाळगणारी आणि शुचिर्भूत असावी, असे ते सांगतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हे गुण लिहून आपण गुण मिळवतो. पुढे व्यवसायात मात्र आपले बहुतेक लक्ष भिषक् आणि द्रव्य या दोन पादांवरच खिळून राहते. औषधाची मात्रा आपण विचारपूर्वक ठरवतो, पण रुग्णाजवळ कोण बसणार आहे हे क्वचितच विचारतो.

हे दुर्लक्ष सर्वांत अधिक कोठे जाणवत असेल तर ते प्रसूतीच्या वेळी. कळा सुरू झालेल्या स्त्रीजवळ तिच्या विश्वासाची एक व्यक्ती अखंड असणे हा केवळ कौटुंबिक जिव्हाळ्याचा किंवा रीतीभातीचा प्रश्न नसून तो उपचाराचाच एक भाग आहे, ही गोष्ट आपल्या ग्रंथकारांनी स्पष्टपणे मांडली होती आणि गेल्या चार-साडेचार दशकांतील आधुनिक संशोधनानेही ती मान्य केली आहे. असे असूनही आपल्या भागातील अनेक स्त्रिया आजही प्रसूतिकक्षात एकट्याच वेदना सोसतात. प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार करून, तालुक्याच्या ठिकाणी व्यवसाय करणाऱ्या वैद्याला यात काय करता येईल, याकडे वाचकांचे लक्ष वेधण्याचे योजिले आहे.

ग्रंथांतील सूतिकागार

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या, जातिसूत्रीय अध्यायात सूतिकागाराचे सविस्तर वर्णन आले आहे. नववा महिना लागण्यापूर्वीच ते सिद्ध ठेवावे असा निर्देश आहे. तेथे जमवावयाच्या साहित्याची यादी बरीच मोठी आहे. तूप, तेल, मध, निरनिराळी लवणे, वावडिंग, सुंठ, पिंपळी आदी द्रव्ये, उखळ-मुसळ, सोन्यारुप्याच्या सुया, तीक्ष्ण शस्त्रे, बेलाच्या लाकडाच्या खाटा, अग्नीसाठी सरपण असे सर्व काही तीत आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की याच यादीच्या ओघात आचार्य स्त्रियांचाही उल्लेख करतात. अनेक वेळा बाळंतपण अनुभवलेल्या, गर्भिणीशी स्नेहाचे नाते असलेल्या, तिच्यावर निरंतर अनुरक्त, वागण्यात कुशल, प्रसंगावधानी, स्वभावतःच वत्सल, विषाद टाकून दिलेल्या, क्लेश सहन करणाऱ्या आणि गर्भिणीला आवडणाऱ्या अशा त्या असाव्यात. अनुभव आणि कौशल्य सोडले तर या यादीतील बहुतेक गुण अंतःकरणाचे आहेत. सूतिकागारात तूप नसेल तर ते अपूर्ण, तसेच वत्सल स्त्री नसेल तरीही ते अपूर्णच, असा या मांडणीचा अर्थ आम्ही घेतो.

सुश्रुताचार्य शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात संख्याही सांगतात. विश्वासू, प्रौढ वयाच्या, प्रसवकर्मात निष्णात आणि नखे कापलेल्या अशा चार स्त्रियांनी प्रसवोन्मुख स्त्रीची परिचर्या करावी, असे त्यांचे मत आहे. नखे कापण्याचा हा आग्रह वाचला की शुचितेविषयी आचार्य किती दक्ष होते हे ध्यानात येते. स्नेह आहे म्हणून स्वच्छतेकडे काणाडोळा चालेल, असे त्यांनी म्हटलेले नाही.

प्रत्यक्ष आवी सुरू झाल्यावर या स्त्रियांनी काय करावे, याचेही चित्र चरकाचार्यांनी रेखाटले आहे. भूमीवर मऊ अंथरूण घालून स्त्रीला त्यावर बसवावे आणि इतर स्त्रियांनी तिच्या सभोवती बसून प्रिय वचनांनी तिला धीर द्यावा. प्रसव लवकर व्हावा म्हणून तिला मुसळ घेऊन धान्य कांडावयास लावावे, असे काहींचे मत त्या काळी होते. आत्रेयांनी ते खोडून काढले आहे. गर्भिणीला दारुण व्यायाम सदैव वर्ज्य आहे आणि प्रसवकाळी तर तो वात प्रकुपित करून तिच्या जिवावर बेतू शकतो, असे त्यांनी बजावले. जांभया देणे आणि येरझारा घालणे मात्र हितकर मानले. कळ आलेली नसताना जोर करू नये, तसे करणे व्यर्थ आणि बाळालाही अपायकारक ठरते. कळ आल्यावर प्रथम हळूहळू आणि मग अधिक बळाने जोर करावा, असा उपदेश जवळच्या स्त्रीने करावयाचा आहे. बाळ बाहेर येत असताना त्या स्त्रियांनी आनंदाचा गजर करावा, कारण हर्षाने तिचे प्राण टवटवीत होतात, असे आचार्य सांगतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतिकाळातील शुश्रूषेसंबंधी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्या या वर्णनाशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. जोखीम नसलेल्या स्त्रीला कळांच्या काळात हिंडू-फिरू द्यावे, तिला स्वतःला जोर करावासा वाटेल तेव्हाच तो करू द्यावा, पोटावर वरून दाब देऊन बाळ खाली ढकलण्याचा प्रयत्न करू नये, आणि तिने निवडलेली सोबतीची व्यक्ती तिच्याजवळ राहू द्यावी, या त्या शिफारशी होत.

या विषयाचे महत्त्व ओळखणाऱ्यांत एका मराठी स्त्रीचे नाव अग्रभागी आहे, याचा आम्हांस अभिमान वाटतो. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी सादर केलेल्या प्रबंधाचा विषय 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र' हाच होता. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे बाळ अवघे दहा दिवस जगले होते. बाळंतिणीच्या दुःखाची ओळख त्यांना पुस्तकांच्या आधी आयुष्याने करून दिली होती.

भय आणि अपान

सोबतीमुळे प्रसूतीत नेमके काय घडते, याचा विचार आपल्या शास्त्राच्या परिभाषेत सहज करता येतो. गर्भनिष्क्रमण हे अपान वायूचे कर्म. वातव्याधीच्या अध्यायात वातप्रकोपाची जी कारणे आली आहेत, त्यांत चिंता, शोक आणि भय यांचा समावेश आहे. अनोळखी खोली, अनोळखी चेहरे, शेजारच्या खाटेवरील किंकाळी आणि आपल्याला काय होणार हे सांगणारे कोणी नाही, अशा स्थितीत पहिलटकरणीचे मन भयाने व्यापून जाणे अगदी स्वाभाविक आहे. ज्या वायूने अनुलोम गतीने कार्य करावयाचे, तोच क्षुब्ध झाला तर आवी अनियमित होतात, प्रसव खोळंबतो आणि वेदना मात्र वाढतात. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अग्र्यसंग्रहात गर्भधारणेला पोषक गोष्टींमध्ये मनाची प्रसन्नता श्रेष्ठ मानली आहे आणि रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्ये विषाद अग्रेसर सांगितला आहे, याचेही येथे स्मरण व्हावे.

आधुनिक शरीरक्रियाशास्त्राची भाषा वेगळी असली तरी आशय फारसा दूर नाही. भीतीमुळे शरीरात ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये वाढतात आणि त्यांच्या प्रभावाने गर्भाशयाचे आकुंचन मंदावू शकते. उलट निर्धास्त वातावरण, ओळखीचा स्पर्श आणि आश्वासक शब्द हे ऑक्सिटोसिनच्या नैसर्गिक स्रावाला अनुकूल ठरतात. कळा वाढविण्यासाठी सलाईनमधून जे द्रव्य दिले जाते, ते शरीरात स्वतःहून स्रवावे यासाठी सोबत साह्यभूत होते, असे थोडक्यात म्हणता येईल.

संशोधनाची साक्ष

या विषयावरील आधुनिक संशोधनाचा आरंभ मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला या देशात झाला. मार्शल क्लाउस, जॉन केनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील एका रुग्णालयात पहिलटकरणींचे दोन गट केले. एका गटातील स्त्रीजवळ वैद्यकीय शिक्षण नसलेली एक अनोळखी पण प्रेमळ स्त्री अखंड बसून राहिली. ती पाठ चोळी, हात धरी, बोलत राही. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, गुंतागुंत नसलेल्या प्रसूतींत सोबत असलेल्या स्त्रियांना रुग्णालयात दाखल झाल्यापासून सरासरी ८.८ तास लागले, तर सोबत नसलेल्यांना १९.३ तास. सोबत लाभलेल्या माता प्रसूतीनंतर अधिक काळ जाग्या राहिल्या; बाळाला कुरवाळणे, त्याच्याकडे पाहून हसणे, त्याच्याशी बोलणे त्यांच्यात अधिक आढळले.

याच संशोधकांनी पुढे अमेरिकेतील ह्यूस्टन येथे मोठा अभ्यास केला व तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेने प्रसूती होण्याचे प्रमाण सोबत असलेल्या गटात ८ टक्के, तर नेहमीची रुग्णालयीन शुश्रूषा मिळालेल्या गटात १८ टक्के होते. यातील तिसरा गट आम्हांस विशेष उद्बोधक वाटतो. त्या गटातील स्त्रीजवळ एक निरीक्षिका केवळ नोंदी करीत बसून राही. ती बोलत नसे, स्पर्शही करीत नसे. त्या गटात हे प्रमाण १३ टक्के निघाले. आपल्याकडे कोणीतरी पाहते आहे, आपण अगदीच एकट्या नाही, एवढ्या जाणिवेचेही काही मोल असावे, असे या आकड्यांवरून वाटते.

दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग येथील अभ्यास आपल्या परिस्थितीला अधिक जवळचा आहे. तेथे गरीब वस्तीतील स्त्रियांसाठी असलेल्या रुग्णालयात त्याच समाजातील, वैद्यकीय प्रशिक्षण नसलेल्या स्त्रियांनी पहिलटकरणींना सोबत केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सहा आठवड्यांनंतर बाळाला केवळ अंगावरचे दूध पाजणाऱ्या मातांचे प्रमाण सोबत लाभलेल्यांत ५१ टक्के, तर इतरांत २९ टक्के होते. बाळंतपणानंतर येणारी उदासी आणि चिंताही त्यांच्यात कमी आढळली. प्रसूतीच्या काही तासांतील आधार दीड महिन्यानंतरच्या दुधापर्यंत पोहोचतो, ही गोष्ट स्तन्यप्रवृत्तीचे कारण अपत्यस्नेहात पाहणाऱ्या आपल्या शास्त्राला नवखी वाटू नये.

या सुरुवातीच्या अभ्यासांतील काही गट लहान होते, त्यामुळे त्यांतील ठळक फरक जसेच्या तसे सर्वत्र दिसतील असे मानू नये. कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात १७ देशांतील १५,८५८ स्त्रियांची माहिती एकत्र करण्यात आली. त्यात प्रसूतीचा वेळ सरासरी सुमारे ४० मिनिटांनी कमी झाल्याचे दिसते. शस्त्रक्रियेचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळते. नैसर्गिक प्रसूती होण्याची शक्यता वाढते. जन्मानंतर पाच मिनिटांनी बाळाची अवस्था खालावलेली असण्याचे प्रमाण घटते. आणि बाळंतपणाची कटू आठवण घेऊन जाणाऱ्या स्त्रिया कमी होतात. अखंड सोबतीमुळे माता वा बालक यांना अपाय झाल्याचे आढळले नाही. ज्या उपचाराला खर्च जवळजवळ नाही, दुष्परिणाम नाहीत आणि लाभ इतके आहेत, असे उपचार आपल्या औषधपेटीत किती आहेत, याचा प्रत्येकाने विचार करावा.

घरातून रुग्णालयात : काय मिळाले, काय हरपले

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये शंभरापैकी सुमारे ६५ बाळंतपणे रुग्णालयात होत. २०१५-१६ मध्ये ती ९० झाली आणि २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ९५ च्या जवळ पोहोचली. माता मृत्यूचे प्रमाण २००१-०३ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १४९ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. हे मोठे यश आहे. रक्तस्राव, झटके, जंतुसंसर्ग आणि अडलेली प्रसूती यांनी घरच्या खाटेवर प्राण सोडणाऱ्या स्त्रिया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना घरच्या बाळंतपणाचे गोडवे गाण्याचे धाडस होणार नाही. आम्हीही ते करीत नाही.

मात्र या स्थित्यंतरात एक गोष्ट नकळत मागे राहिली. चरक-सुश्रुतांच्या सूतिकागारातील स्त्रिया दोन कामे एकाच वेळी करीत : प्रसवकर्मातील कौशल्याचे आणि स्नेहाचे. आपल्या गावची सुईणही आपल्या परीने हीच दोन्ही कामे करी. बाळंतपण रुग्णालयात गेले तेव्हा कौशल्याचे काम अधिक शिक्षित हातांकडे गेले, ही इष्टच गोष्ट झाली. स्नेहाचे काम मात्र कोणाकडेच सोपवले गेले नाही. एका परिचारिकेला एका वेळी तीन-चार स्त्रियांकडे पाहावे लागते, नोंदी ठेवाव्या लागतात, दूरध्वनी घ्यावे लागतात. तिच्याकडून अखंड सोबतीची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. परिणामी चतुष्पादातील उपस्थात्याचे दाक्ष्य प्रसूतिकक्षात राहिले आणि त्याचा अनुराग व्हरांड्यात, पिशवी सांभाळीत बसून राहिला.

आमचे उमरखेड हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा लागतो. तालुक्याचा पैनगंगा अभयारण्यातील भाग 'बंदी भाग' या नावाने ओळखला जातो. तेथील एखाद्या स्त्रीला कळा सुरू झाल्या की ती आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, तेथून गरज पडल्यास उमरखेडला आणि अडचण वाढल्यास पुसद, यवतमाळ किंवा नांदेडला पाठविली जाते. प्रत्येक टप्प्यावर वाहन बदलते, डॉक्टर बदलतात, कागद बदलतात. या साऱ्या प्रवासात न बदलणारी अशी एकच गोष्ट तिच्याजवळ असू शकते, ती म्हणजे तिची आई, मावशी, जाऊ किंवा नणंद. पावसाळ्यात नाले भरले, रात्र झाली, की ही एक ओळखीची व्यक्ती म्हणजे तिचे सर्वस्व असते.

यात भाषेचाही प्रश्न आहे. तांड्यावरील बंजारा स्त्री घरात गोरमाटी बोलते. जिल्ह्याच्या पूर्वेकडील पोडांवरची कोलाम स्त्री कोलामी बोलते. मराठी समजत असले तरी वेदनेच्या भरात माणूस आपल्या बोलीतच बोलतो. आमच्या परिचयातील तांड्यावरच्या एका पहिलटकरणीला जिल्ह्यातील एका रुग्णालयात दाखल करण्यात आले. सोबतच्या मावशीला दारातच थांबविण्यात आले. मुलगी रात्रभर काहीतरी सांगत होती आणि उपस्थितांना ते घाबरून केलेले ओरडणे वाटत होते. पहाटे पाळी बदलल्यावर आलेल्या परिचारिकेने मावशीला आत बोलावले, तेव्हा मुलीला कितीतरी वेळापासून लघवी झाली नसून ओटीपोट फुटते आहे असे ती सांगत होती, हे कळले. मूत्राशय रिकामे केल्यावर पुढची प्रसूती विनासायास झाली. भरलेले मूत्राशय प्रसवमार्गात अडथळा आणते हे आपण सारे जाणतो. पण ते कळण्यासाठी तिचे बोलणे समजणारे कोणीतरी जवळ असावे लागते.

ऊसतोडीसाठी परजिल्ह्यांत जाणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियांची स्थिती याहून बिकट असते. पहिले बाळंतपण माहेरी, या जुन्या रीतीमागे सोबतीचाच विचार होता. फडावर असताना कळा सुरू झालेल्या स्त्रीला ना माहेर असते ना सासर.

परवानगी आहे, दार उघडावयाचे आहे

केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक व्यक्ती ठेवण्यास मान्यता दिली. ही व्यक्ती स्त्री नातेवाईक असावी, शक्यतो तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेले असावे. जेथे पुरेसा आडोसा आणि खाजगीपणा आहे तेथे पतीलाही परवानगी देता येईल. तिला कोणताही संसर्गजन्य रोग नसावा, तिचे कपडे स्वच्छ असावेत, तिने संपूर्ण काळ गर्भिणीजवळ थांबावे, कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये आणि कक्षातील इतर स्त्रियांकडे जाऊ नये, अशा तिच्या अटी आहेत. या अटी वाचताना सुश्रुताचार्यांच्या कापलेल्या नखांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही प्रसूतिकक्षाच्या गुणवत्तेत सोबतीच्या व्यक्तीचा समावेश करण्यात आला आहे. २०२० मधील कोविडच्या साथीत अनेक ठिकाणी ही दारे बंद झाली. तेव्हाही जागतिक आरोग्य संघटनेने सोबतीचा आग्रह सोडला नव्हता.

तरीही अनुभव असा, की परवानगी कागदावर असते आणि दारावर नकार मिळतो. हा नकार बहुधा दुष्टपणाने दिला जात नाही, हे आपण समजून घेतले पाहिजे. कर्मचाऱ्यांचे आक्षेप साधारणपणे तीन असतात : गर्दी होते, संसर्ग वाढतो, नातेवाईक भांडतात. गर्दीवर उपाय म्हणजे एका स्त्रीसाठी एकच व्यक्ती, आणि तीही आधीच ठरलेली. संसर्गावर उपाय म्हणजे हात धुणे, कापलेली नखे, स्वच्छ वस्त्र आणि दोन खाटांमध्ये पडदा. तिसऱ्या आक्षेपाविषयी आमचे निरीक्षण उलट आहे. जो नातेवाईक बाहेर बसतो, त्याला आतले काहीच कळत नाही आणि त्याच्या मनात संशय वाढतो. जी व्यक्ती आत असते, ती डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे श्रम स्वतःच्या डोळ्यांनी पाहते आणि बाहेर येऊन इतरांना समजावते.

याला जोडून आणखी एक गोष्ट. पहिलटकरणीची प्रसूती लांबली की व्हरांड्यातील मंडळी अस्वस्थ होतात, कळा वाढविण्याचे इंजेक्शन द्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतात. ते इंजेक्शन योग्य कारणाशिवाय आणि देखरेखीशिवाय दिल्यास गर्भाशय फाटण्यापर्यंत अनर्थ होऊ शकतो. खेडोपाडी व्यवसाय करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी हा दबाव अनुभवला असेल. आत बसलेल्या जाणत्या सोबतिणीने 'सगळे नीट चालले आहे, वेळ लागणारच' एवढे सांगितले तरी हा दबाव बराच ओसरतो.

सोबतीण कशी निवडावी, तिला काय शिकवावे

ग्रामीण स्त्रीला थोड्या काळात बरेच शिकविता येते, याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. १९७० पासून जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अल्पशिक्षित स्त्रियांना ग्रामआरोग्यसेविका म्हणून घडविले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. त्यामुळे बालमृत्यू कसे घटले, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाने जगासमोर आणले. त्या मानाने सोबतिणीला शिकवावयाचे फारच थोडे आहे आणि ते काम गर्भिणी परिचर्या करणारा वैद्य आपल्या चिकित्सालयात सहज करू शकतो.

आज आपल्या व्यवसायात गर्भसंस्कारांना मोठी मागणी आहे. नऊ महिने आहार, विहार, संगीत, श्रवण यांचा विचार होतो. तो व्हावा, पण त्या नऊ महिन्यांच्या शेवटी येणाऱ्या दहा-बारा तासांत तिच्याजवळ कोण असेल, हा प्रश्न त्या अभ्यासक्रमात आला नाही तर सारे अधुरे राहते. आठव्या महिन्यात क्षीरयवागू आणि नवव्या महिन्यात अनुवासन बस्ती व पिचू यांचा विचार करताना हा प्रश्न आपण विचारावा.

निवड गर्भिणीनेच करावी. आचार्यांनी सोबतीण गर्भिणीला आवडणारी असावी, असे सांगितले आहे. घरातील मानाच्या क्रमाने ती ठरावी, असे म्हटलेले नाही. सासूबाईंचा मान मोठा असला तरी सून त्यांच्यासमोर संकोचत असेल, तर तिची मोठी जाऊ किंवा बहीण अधिक उपयोगी ठरेल. गर्भिणीला एकटीला विचारले तरच खरे उत्तर मिळते, असा आमचा अनुभव आहे. पतीने जवळ असावे असे तिला वाटत असेल आणि रुग्णालयात आडोसा असेल, तर त्यालाही तयार करावे. घरात कोणीच नसेल तर गावच्या आशाताईंशी वेळीच बोलून ठेवावे.

निवडलेल्या सोबतिणीला गर्भिणीबरोबर एकदा बोलावून घ्यावे आणि पुढील गोष्टी सांगाव्यात.

१) एकदा आत गेल्यावर बाळ छातीशी लागेपर्यंत शक्यतो हलू नये. सोबतीचा गुण तिच्या अखंडपणात आहे.

२) कळ आली की कंबर आणि पाठ तळहाताने चोळावी, हात धरावा, तिच्याबरोबर आपणही सावकाश श्वास घ्यावा. कळ ओसरली की तिला सैल होऊन विसावू द्यावे.

३) डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर घोटघोट पाणी, पेज द्यावी, तिला फिरण्यास आधार द्यावा, दर दोन तासांनी लघवीला जाण्याची आठवण करावी.

४) बोलणे मोजके आणि गोड असावे. शेजारणीचे बाळंतपण कसे अडले, अमकीला टाके किती पडले, या गोष्टी तेथे काढू नयेत. मुलगा की मुलगी, याचा तर शब्दही नको.

५) पोट दाबणे, पोटाला कापड आवळणे, घरून आणलेले औषध किंवा एरंडेल पाजणे, कळ नसताना जोर करावयास लावणे, यांपैकी काहीही करू नये. चिकित्सा हे तिचे काम नाही.

६) अंगावरून बरेच रक्त जाणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटका, ताप, हिरवट पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ परिचारिकेला हाक मारावी.

७) बाळ जन्मल्यावर पहिल्या तासातच ते आईच्या अंगावर लागावे यासाठी मदत करावी. घुटी, मध, साखरपाणी देऊ नये. आणि सर्वांचे लक्ष बाळाकडे वळलेले असताना तिने बाळंतिणीकडे पाहावे. तिला पाणी द्यावे, पांघरूण घालावे, रक्तस्रावाकडे लक्ष ठेवावे.

शेवटची सूचना आम्ही मुद्दाम अधिक विस्ताराने देतो. बाळ रडले की खोलीतील प्रत्येकाची मान त्याच्याकडे वळते. त्या क्षणी जिने हे सारे सोसले तिच्याकडे पाहणारी एक तरी व्यक्ती असावी.

याखेरीज आपल्यापैकी जे बंधुभगिनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकारी आहेत किंवा १०८ रुग्णवाहिकेवर सेवा देतात, त्यांच्या हाती प्रत्यक्ष अधिकार आहे. रुग्णवाहिकेत सोबतिणीला गर्भिणीच्या उशाशी बसवावे आणि पुढील रुग्णालयाला देण्याच्या चिठ्ठीवर तिचे नाव लिहावे. प्रसूतिकक्षाच्या दाराशी शासनाच्या अटी मराठीत लावाव्यात. एवढे केले तरी पुष्कळ साधेल. आणि जे आपल्यासारखे केवळ चिकित्सालय चालवितात, त्यांनी गर्भिणीच्या केसपेपरवर रक्तगट आणि अपेक्षित दिनांक यांच्या खाली आणखी एक ओळ वाढवावी : 'सोबतीण कोण?' आमच्या चिकित्सालयात आम्ही ती वाढविली आहे. ही ओळ कोरी राहिली तर गर्भिणीची तयारी अपुरी आहे असे समजून, पुढील भेटीत पहिला प्रश्न तोच विचारावा.